अंगात रक्त किती?

मराठीत रक्ताचा हिशेब आपण फार सैल ठेवलेला आहे. कुणी रक्ताचं पाणी करतो, कुणी रक्त आटवतो, कुणाच्या अंगात रक्तच नसतं तर कुणाचं उगाचच सळसळत असतं. तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवताना हे सगळे वाक्प्रचार मी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतले. पण 'बाई, अंगात रक्त असतं तरी किती?' असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला विज्ञानाच्या सरांकडे पाठवलं असतं आणि पुढचा वाक्प्रचार घेतला असता.

हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यावर. त्याला आता सहा वर्षं होतील. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्तातली घाण साठते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याबरोबर पाणीही साठतं, आणि रोजचा खरा झगडा त्या पाण्याशी असतो, हे मात्र ज्याच्या घरी डायलिसिस आहे त्यालाच कळतं. लघवी जवळजवळ होतच नाही. मग चहा, आमटी, ताक, कलिंगडाची फोड, भातात मुरलेलं पाणी, सगळं अंगातच राहतं. दोन डायलिसिसच्या मध्ये ह्यांचं वजन दोन-अडीच किलो वाढतं, आणि ते सगळं पाणी असतं.

म्हणून डायलिसिस विभागात दाराशीच वजनकाटा असतो. आत जाताना वजन, बाहेर पडताना वजन. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असायला हवं त्याला म्हणतात 'ड्राय वेट'. ह्यांचं ड्राय वेट होतं ६४ किलो. काट्याने साडेसहासष्ट दाखवलं की वजाबाकी करायची आणि अडीच लिटर पाणी काढायचं. चौथीतल्या मुलालाही जमेल असं गणित. फक्त त्यातला ६४ हा आकडा कुठून आला, ही गोष्ट त्या गणितात कुठेच नसते.

तो आकडा अंदाजाने येतो. थोडं थोडं पाणी जास्त काढत जायचं. ज्या वजनाला पायावर सूज नाही, धाप नाही, बीपी ताब्यात आहे आणि तरीही पायात गोळे येत नाहीत की चक्कर येत नाही, ते ड्राय वेट. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली क्लाइड शिल्ड्स नावाच्या कारागिराला नियमित डायलिसिसवर ठेवलं. त्याचं बीपी भयंकर वाढलेलं होतं. ते आटोक्यात आलं ते अंगातलं पाणी काढून आणि मीठ तोडून. तो माणूस पुढे अकरा वर्षं जगला. आज यंत्रं कुठच्या कुठे गेली, पण ड्राय वेट ठरवायची बहुतेक ठिकाणची रीत मात्र तीच, चुकतमाकत शिकण्याची.

यात अडचण अशी की वजनकाटा अख्ख्या माणसाचं वजन सांगतो, आणि यंत्र पाणी काढतं ते फक्त रक्तातून. साठ किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. त्यातलं सुमारे २४ लिटर पेशींच्या आत, १२ लिटर पेशींच्या बाहेर. या १२ लिटरपैकी रक्तवाहिन्यांत असतं जेमतेम तीन लिटर. त्यात तांबड्या पेशी मिसळल्या की होतं साडेचार-पाच लिटर रक्त. आता चार तासांत अडीच लिटर पाणी काढायचं म्हणजे रक्तातलं जवळजवळ सगळंच पाणी काढण्यासारखं झालं की! तरी माणूस जिवंत राहतो, कारण यंत्र रक्तातून पाणी ओढत असतं तेव्हा आजूबाजूच्या मांसातलं पाणी झिरपून रक्तात येत असतं.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे मला हे कृष्णेच्या पुरावरून चटकन समजलं. पावसाळ्यात सगळं गाव आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसतं. ४० फूट झाले की इशारा, ४५ फूट झाले की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण पूर ओसरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, पुलाखालची पातळी म्हणजे पुराचं सगळं पाणी नव्हे. शेतांत, सखल वस्त्यांत, ओढ्यांत पाणी उभं असतं. नदी उतरू लागली की ते हळूहळू नदीत येतं, म्हणून नदी वाटते तितक्या लवकर उतरत नाही. शिवारातलं पाणी संपलं की मग मात्र पातळी भराभर खाली जाते.

रक्त म्हणजे ती नदी, आणि अंगातलं बाकीचं पाणी म्हणजे शिवार. शिवारातून येण्यापेक्षा जास्त वेगाने नदी उपसली तर बीपी कोसळतं. माणूस आधी जांभया देतो, मग घामाघूम होतो, पायात गोळे येतात, कधी शुद्ध हरपते. सिस्टर धावत येते, पाय वर करते, सलाइन सोडते. म्हणजे जे पाणी काढायला आलो त्यातलंच थोडं परत आत! डायलिसिस विभागात हा प्रकार रोज कुणा ना कुणाच्या खाटेवर होतच असतो.

मग नदीचीच पातळी का मोजू नये? थेट रक्तच का मोजू नये?

माणसाच्या अंगातलं रक्त मोजायची खटपट जुनी आहे. जर्मनीत १८५० च्या दशकात बिशॉफ या शास्त्रज्ञाने देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या शरीरातलं रक्त मोजलं होतं. जिवंत माणसासाठी अर्थातच दुसरी युक्ती लागणार. ती १९१५ च्या सुमारास अमेरिकेत निघाली, आणि आहे अगदी साधी. हौदात पाणी किती हे कळत नसेल तर मोजून एक बाटली शाई ओतायची, ढवळायचं, आणि पेलाभर पाणी काढून ते किती निळं झालं ते बघायचं. फिकट झालं तर हौद मोठा, गडद झालं तर लहान. शाईऐवजी शिरेतून रंगद्रव्य द्यायचं. पुढे रंगाच्या जागी किरणोत्सारी खूण केलेल्या तांबड्या पेशी किंवा प्रथिनं आली. माप चांगलं मिळतं, पण हे आठवड्यातून तीनदा कोण करणार?

डायलिसिसच्या माणसाला उपयोगी पडली ती वेगळी युक्ती. ती समजावून सांगितली माझ्या भाचीने. ती डॉक्टर आहे. ती म्हणाली, "मावशी, आमटी आटते तेव्हा काय होतं?" आमटी आटली की खारट होते. मीठ तेवढंच राहतं, पाणी कमी होतं. किती खारट झाली त्यावरून किती आटली ते ओळखता येतं. डायलिसिसच्या गाळणीतून पाणी जातं, तांबड्या पेशी जात नाहीत. म्हणून चार तासांत रक्त जसजसं आटतं तसतसं ते दाट होतं. नळीतून जाणाऱ्या रक्तावर प्रकाश टाकून किंवा त्यातून ध्वनिलहरी सोडून यंत्र तो दाटपणा क्षणाक्षणाला मोजतं. सुरुवातीला शंभर भागांत तीस भाग तांबड्या पेशी होत्या आणि शेवटी तेहेतिसाच्या किंचित वर गेल्या, म्हणजे रक्त एक दशांशाने कमी झालं. पडद्यावर हे रेषेच्या रूपात उमटतं. शंभरापासून निघून डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी रेषा. सुई टोचायची नाही, रक्ताची बाटली भरायची नाही, काही नाही.

अशी रेषा दाखवणारं एक मशीन आमच्या विभागात आलं ते अगदी आमच्या गरजेच्या वेळी. त्या वर्षी श्रावणात ह्यांना न्यूमोनिया झाला होता. तीन आठवडे जेवण असं नव्हतंच. बरे होऊन डायलिसिसला पूर्ववत जाऊ लागले, पण तब्येत सुधारेना. बीपी चढं राहू लागलं, एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. रात्री आडवं झालं की धाप लागायची. एका उशीच्या तीन उशा झाल्या, आणि मग पहाटे खुर्चीतच बसून राहू लागले. वजन मात्र दर वेळी डायलिसिस संपताना बरोबर ६४! काट्यावर सगळं आलबेल.

एका बुधवारी त्या नव्या मशीनवर ह्यांची पाळी आली. अडीच लिटर पाणी निघालं आणि रेषा शंभरावरून उतरून सत्त्याण्णवला थांबली. जवळजवळ सपाट. मी खूश झाले. म्हटलं, किती छान, जराही ओढाताण नाही. तिथला टेक्निशियन मुलगा मला सगळ्यांसारखा बाईच म्हणतो. तो म्हणाला, "बाई, ही रेषा जरा जास्तच छान आहे. डॉक्टरांना दाखवतो."

डॉक्टरांनी रेषा पाहिली, पायाच्या नडगीवर बोट दाबून पाहिलं, छातीचा फोटो काढवला आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. एवढं पाणी उपसूनही नदी उतरत नाही याचा अर्थ शिवारात अजून भरपूर पाणी उभं आहे. मग वजन ६४ कसं? तर आजारपणात अंगावरचं मांस झडलं. माणूस वाळला, पण आपण दर वेळी त्याला ६४ वरच आणून सोडतोय. मग गेलेल्या मांसाची जागा कशाने भरली? पाण्याने. आकडा तोच, आतला ऐवज बदललेला. आरशात पाहिलं तर गालफडं बसलेली दिसत होती, मनगटावरचं घड्याळ सैल झालं होतं. काटा मात्र खोटं न बोलताही खरं सांगत नव्हता.

ड्राय वेट खाली आणायचं ठरलं. एकदम नाही, दर आठवड्याला अर्धा किलो. ऐकायला सोपं वाटतं, पण ते पाच आठवडे फार कठीण गेले. हे आधीच कमी बोलणारे. यांच्या पिढीचे पुरुष दुखतंय असं म्हणायच्या आधी बेशुद्ध पडतील. त्यात आधी दोनदा बीपी कोसळल्याचा धसका मनात होता. जास्त पाणी काढायचं म्हटलं की चेहरा उतरायचा. मला म्हणाले, "माझ्यात आता काढण्यासारखं काय राहिलंय?" मी काय उत्तर देणार? मी पण घाबरलेलीच होते. एका बाजूला रात्रीची धाप, दुसऱ्या बाजूला खाटेवर डोळे पांढरे करणं. दोन्हीकडे धोका, आणि मधून जायची वाट अर्ध्या अर्ध्या किलोची.

६२ ला पोचलो तेव्हा रेषा नव्वदीच्या आसपास उतरू लागली. साडेएकसष्टला शेवटच्या तासात पायात गोळे आले, जांभया सुरू झाल्या. त्या मुलाने जांभई पाहूनच पाणी ओढणं थांबवलं, बीपी नंतर मोजलं. मग डॉक्टरांनी ६१.८ वर स्थिर केलं. तोवर तीनपैकी दोन गोळ्या बंद झाल्या होत्या आणि दोन उशा कपाटात परत गेल्या होत्या. हे योगायोगाने झालेलं नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बीपी वाढलेल्या डायलिसिसच्या रुग्णांचं नुसतं ड्राय वेट हळूहळू खाली आणलं, तेवढ्याने त्यांचं बीपी उतरलं होतं.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनाच ही रेषा लावा की! मलाही तसंच वाटलं होतं. पण भाचीने लगेच माझे पाय जमिनीवर आणले. २००५ साली अमेरिकेतच एक अभ्यास झाला होता. चारशेच्या वर रुग्ण, सहा महिने. निम्म्यांवर अशा रेषेच्या यंत्राने लक्ष ठेवलं, निम्म्यांवर नेहमीसारखं. तर रेषेच्या गटातच रुग्णालयात भरती होण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण जास्त निघालं! संशोधकांनी स्वतःच सांगितलं की दुसऱ्या गटातलं प्रमाण नेहमीच्या मानाने फारच कमी होतं, तेव्हा निष्कर्ष जपून काढा. तरीही त्यातून एवढं नक्की कळतं, की नुसती रेषा उमटल्याने माणूस बरा होत नाही. ती कुणीतरी वाचावी लागते, आणि वाचून योग्य ते करावं लागतं. शिवाय ही रेषा फसवूही शकते. माणूस उठून बसला, आडवा झाला, मध्येच डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली, तरी ती हलते.

तिचा आणखी एक दोष आहे, तो मला शिक्षकी डोक्याने खटकला होता. ती टक्के सांगते. दहा टक्के उतरलं, पण कशाचे दहा टक्के? पातेलं केवढं हे माहीत नसताना आमटी एक दशांश आटली एवढंच कळून काय उपयोग? एखाद्याकडे सुरुवातीला सहा लिटर रक्त असेल, दुसऱ्याकडे चारच. दोघांची रेषा एकसारखी उतरेल, पण एक मजेत घरी जाईल आणि दुसरा खाटेवर आडवा होईल.

यावरही उपाय निघालाय, आणि तो ऐकून मी खरोखर टाळी वाजवली. २०१४ च्या सुमारास जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तो मांडला. नव्या काही मशीनमध्ये डायलिसिसचं शुद्ध द्रावण थेट रक्तात सोडायची सोय असते. सुरुवातीलाच मोजून २४० मिलिलिटर द्रावण झटकन आत सोडायचं आणि रेषा किती वर उडी मारते ते बघायचं. समजा पाच टक्क्यांनी वर गेली. म्हणजे २४० मिलिलिटर हा अंगातल्या रक्ताचा पाच टक्के भाग. मग पूर्ण रक्त किती? २४० गुणिले वीस, म्हणजे ४८०० मिलिलिटर. चार लिटर आठशे! हौदातली शाईचीच युक्ती, फक्त शाईऐवजी पाणी. ना किरणोत्सार, ना सुई, आणि गणित त्रैराशिकाचं. डायलिसिसच्या शेवटी ज्यांचं रक्त किलोमागे ६५ मिलिलिटरच्या खाली गेलं त्यांना त्रास झाला, असं त्या संशोधकांना आढळलं. म्हणजे पुलावर इशाऱ्याची खूण रंगवता येण्याची शक्यता तरी निर्माण झाली. आमच्या विभागात हे करत नाहीत. पण करता येतं, आणि ते त्रैराशिकाने येतं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

असो. मोजमापाचं एवढं कौतुक केलं, आता जे मोजून भागत नाही तेही सांगते.

ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ येतात, जत तालुक्यातून, एसटीने. आठवड्यातून दोनदाच. तिसऱ्यांदा यायचं तर मजुरी बुडते. दोनदाच आल्यामुळे चार-चार किलो पाणी साठतं. पाणी ओढण्याचा वेग ताशी किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर गेला की हृदयाला धोका वाढतो, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलेलं आहे. पंचावन्न किलोच्या माणसाला म्हणजे तासाला सातशे मिलिलिटर, चार तासांत तीन लिटरही नाही. वरचं लिटर काढायचं तर दीड तास जास्त बसायला हवं. पण पुढच्या पाळीचा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो आणि ह्यांची शेवटची गाडी सुटणार असते. त्यांचं रक्त किती आहे हे मिलिलिटरपर्यंत मोजलं तरी तो दीड तास कुठून आणणार? २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांतून सोय झाली, योजनेतून पैसेही मिळतात. त्यामुळेच ते गृहस्थ आज त्या खाटेवर दिसतात, हे खरंच. पण गाव ते खाट हे अंतर योजनेत धरलेलं नाही.

आणि दुसरं मीठ. आठेक ग्रॅम मीठ पोटात गेलं की अंग लिटरभर पाणी मागतं, आणि ती तहान दटावून थांबत नाही. 'पाणी कमी प्या' असं सांगण्याला फारसा अर्थ नसतो, 'मीठ कमी खा' याला असतो. आमच्याकडे भेटायला येणारे पाहुणे प्रेमाने सांगलीचं भडंग आणतात. मी ते हसून घेते आणि शेजारच्या मुलांना देते. ह्यांना दुरून वास घेऊ देते. तेवढ्याने वजन वाढत नाही!

सहा वर्षांत एक वही झाली आहे. तारीख, जातानाचं वजन, येतानाचं वजन, बीपी, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी ह्यांना विचारून लिहिते : आज जांभया आल्या का, कान बंद झाल्यासारखे वाटले का, घरी येताना जिना एका दमात चढलात का. सुरुवातीला वैतागायचे. आता गाडीत बसल्या बसल्या स्वतःच सांगतात. टेक्निशियन मुलगा ती वही मागून घेतो, रेषा बघतो तशी बघतो.

वहीच्या पहिल्या पानावर ड्राय वेट लिहिलेलं आहे. बाकी सगळी वही शाईची, तेवढा आकडा मात्र पेन्सिलीने लिहिते. डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. गेल्या महिन्यात ह्यांना भूक लागू लागली, अंगावर थोडं मांस धरलं, म्हणून ६१.८ खोडून ६२.२ केलं. चारशे ग्रॅम, आणि या वेळी पाणी नव्हे. आम्ही दोघांनी त्या दिवशी अर्धा अर्धा कप चहा घेतला, मोजून.